घरचा हिशेब : दुरुस्ती की सुधारणा?



बँकेच्या कर्जविभागात असताना यंत्रखरेदीचे आणि यंत्रसुधारणेचे शेकडो प्रस्ताव माझ्या हाताखालून गेले. डाळमिल, छापखाना, तेलघाणा, यंत्रमाग. प्रत्येक अर्जदाराची खात्री असे की, नवा भाग बसला की धंद्याचे भाग्य उजळणार. ती खात्री कागदावर तपासणे हे माझे काम होते. गेल्या वर्षी मात्र असा एक प्रस्ताव पुढे आला की, तो तपासताना माझीच परीक्षा झाली. रक्कम ४२,००० रुपये, अर्जदार माझे सख्खे थोरले बंधू आणि यंत्र म्हणजे १९९७ साली घेतलेला एक सीडी प्लेअर.

भाऊ नारायण पेठेत, मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. लक्ष्मी रस्त्यावरील कापडाचे दुकान आता पुतण्या पाहतो. भाऊंचे वय ७६. सूर्यास्तापूर्वी जेवण, मग सामायिक आणि आसन उचलून ठेवल्यावर अर्धा तास हा प्लेअर, असा त्यांचा नेम आहे. लागते ती बहुधा एकच तबकडी. १९९४ च्या पर्युषणात वहिनींनी घरी म्हटलेली स्तवने साध्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये घेतली होती. २००५ च्या सुमारास ती एका दुकानातून सीडीवर उतरवून घेतली. वहिनी २०१२ मध्ये गेल्या. तेव्हापासून त्या तबकडीचे मोल काय झाले असेल, ते वाचकांस सांगावयास नको.

तबकडीच्या अगदी शेवटी, शेवटचे स्तवन संपल्यावर, वहिनी काहीतरी बोलतात. पाच-सहा शब्द असतील. खालून जाणाऱ्या रिक्षेच्या आवाजात आणि टेपच्या खरखरीत ते बुडून गेले आहेत. भाऊ ते शब्द ऐकण्याचा प्रयत्न बारा वर्षे करीत होते, हे मला ठाऊक नव्हते.

प्लेअर अडखळू लागला. बाजारात विकत मिळालेल्या छापील तबकड्या नीट वाजत, पण वहिनींची तबकडी मध्येच थांबे, पुढे उडी घेई. पुतण्या म्हणाला, “काका, हे भंगारात द्या म्हणावे. सगळे फोनवर घालून देतो आणि एक ब्लूटूथ स्पीकर आणतो.” भाऊंना ते रुचले नाही. ओळखीच्या एका जाणकाराकडे त्यांनी प्लेअर दाखवला. त्याने दोन आकडे दिले. चालता करण्यास ३,२०० रुपये. आणि “एवीतेवी उघडणारच आहोत, तर अपग्रेड करून घ्या,” असे म्हणून दुसरा आकडा ४२,००० रुपयांचा. त्यात अचूक क्लॉकचे ९,०००, उंची कपॅसिटरचे ८,०००, ध्वनिविभागातील नव्या चिपचे ६,०००, वेगळ्या वीजपुरवठ्याचे १४,००० आणि जाड पॉवर केबलचे ५,०००. तो गृहस्थ लबाड नव्हता; ज्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता, तेच तो विकत होता. शेवटी तो एवढेच म्हणाला होता, “आवाजावरचा पडदा दूर होईल.”

भाऊंनी कागद माझ्यापुढे ठेवला. “अरे, तू बँकेत आयुष्य काढलेस. हे योग्य आहे का, ते सांग.”

मी जुन्याच पद्धतीने निघालो. आपण व्यापारी मंडळी महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला भेद जाणतो. दुकानाचे गळके छप्पर शाकारले तर ती दुरुस्ती. वर मजला चढवला तर ती भर. पहिल्याने गेलेले परत येते, दुसऱ्याने पूर्वी कधी नव्हते ते येते. जुन्या यंत्राच्या सुधारणेचा कोणताही प्रस्ताव आला, तर प्रथम हे दोन रकाने पाडावेत आणि प्रत्येक बाब कुठे बसते ते पाहावे. अनेकदा असे आढळते की, जो फरक सुधारणेच्या नावावर जमा धरला जातो, तो खरे तर दुरुस्तीचा असतो. थकलेला कपॅसिटर काढून नवा घातला की, आवाज सुधारतोच. पण तो ‘उंची’ होता म्हणून सुधारला की केवळ ‘नवा’ होता म्हणून, हे एकत्र खर्चात कळत नाही.

त्यासाठी यंत्र कसे चालते, हे थोडे समजून घ्यावे लागले. सीडी ही फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांची निर्मिती. पहिला प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. तबकडीवर आवाज नसतो, अंक असतात. दर सेकंदाला, प्रत्येक बाजूचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. लेझरचा किरण ते अंक वाचतो, एक चिप त्या अंकांचे विद्युतलहरीत रूपांतर करते, आणि पुढे अॅम्प्लिफायर व स्पीकर आपले काम करतात. धुळीने किंवा ओरखड्याने काही अंक वाचता आले नाहीत, तर ते भरून काढण्याची गणिती सोय तबकडीवरील लेखनातच आहे. चूक लहान असेल तर ती पूर्ण दुरुस्त होते. त्याहून मोठी असेल तर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने जागा भरली जाते. त्याहूनही मोठी असेल तर आवाज तुटतो.

येथे बँकेतला माणूस लगेच ओळखतो की, हा खतावणीचा प्रकार आहे. दिवसाचा ताळा जुळला की जुळला. ‘अधिक सुंदर जुळला’ असे काही नसते. अंक बरोबर वाचले गेले, तर महागड्या भागांनी ते अधिक बरोबर वाचले जात नाहीत. अंकांचे लहरीत रूपांतर होते तेथे मात्र दर्जाला वाव आहे. रूपांतराच्या वेळेतील सूक्ष्म चुका, वीजपुरवठ्यातील घरघर, शेवटच्या चिपचा दर्जा, हे खरे विषय आहेत. परंतु बऱ्यापैकी कंपनीच्या धडधाकट प्लेअरमध्ये हे दोष मुळातच इतके लहान असतात की, राहत्या घरात ते कानाला जाणवणे कठीण. १६ बिटांत अगदी बारीक आणि अगदी मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मावते. नारायण पेठेत, रस्त्याकडेच्या खोलीत, पंखा चालू असताना आणि खाली वाहनांची वर्दळ असताना, त्यांतले किती हाती लागते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता भाऊंच्या प्लेअरचे दुखणे काय होते? घरी राइट केलेल्या तबकडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. तिच्यावरून परतणारा प्रकाश छापील तबकडीपेक्षा काहीसा कमी असतो आणि काळ, ऊन व उष्णता यांनी तो रंग उतरत जातो. दुसऱ्या बाजूने जुन्या लेझरचा जोरही कमी होतो, भिंगावर धूळ बसते. म्हणजे वाचणारा थकला होता आणि अक्षरेही फिकी पडत होती. ४२,००० च्या यादीतील एकही बाब या दोन्हींपैकी कशावर इलाज नव्हती. ३,२०० च्या यादीतील मात्र सर्व होत्या: लेझरचा भाग १,९००, ट्रेचा रबरी पट्टा ३००, वीजपुरवठ्यातील साधे कपॅसिटर बदलणे १,०००.

प्रस्ताव तपासताना आम्ही आणखी एक प्रश्न विचारीत असू: अडते कुठे? डाळमिलमध्ये भरडण्याचे यंत्र तासाला दहा क्विंटल काढते आणि पुढची चाळण सहाच क्विंटल घेते, तर भरडणीचे यंत्र कितीही भारी आणा, गोणी सहाच क्विंटलच्या भरणार. ध्वनीचेही तसेच आहे. स्पीकर, त्यांची जागा आणि खोली यांनी पडणारा फरक सर्वांत मोठा. प्लेअरच्या अंतर्भागाने पडणारा सर्वांत लहान. आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाला असतो तो मूळ ध्वनी. येथे तो घरगुती कॅसेटवरून आलेला. कॅसेटची मर्यादा सीडीच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. शिवाय ऐकणारे कान ७६ वर्षांचे. वयपरत्वे उंच पट्टीतले ध्वनी प्रथम हरपतात, हा निसर्गनियम आहे. तेव्हा अडथळा प्लेअरच्या अलीकडेही होता आणि पलीकडेही.

मी भाऊंना म्हटले, “भाऊ, आधी तबकडी वाचवा, मग यंत्र.” पुतण्याने संगणकावर तबकडी सावकाश, चुका तपासत उतरवली. सुदैवाने संगणकाच्या ड्राइव्हने ती पूर्ण वाचली. एका तबकडीला फार तर ८५० एमबीच्या आसपास जागा लागते. दोन वेगळ्या ठिकाणी साठवण आणि चार नव्या तबकड्या, असा सर्व खर्च काही शेकड्यांत झाला. मग ३,२०० रुपये देऊन प्लेअर दुरुस्त केला. तो पूर्वीसारखा वाजू लागला. हिशेब येथे संपावयास हवा होता.

पण भाऊंच्या मनातून ‘पडदा’ जाईना. ते म्हणाले, “वाजतोय तो ठीक. पण शेवटचे शब्द?” तेव्हा मला प्रथम कळले की, ४२,००० रुपये कशासाठी होते.

अशा वेळी युक्तिवाद कामाचा नसतो. मी त्या जाणकाराला विनंती केली. त्याच्याकडे त्याच मॉडेलचा, सर्व सुधारणा केलेला एक प्लेअर नमुन्यादाखल होता. अनामत ठेवून त्याने तो दोन दिवसांसाठी दिला. दोन्ही प्लेअर एकाच अॅम्प्लिफायरला जोडले, दोन्हींत एकाच ध्वनीच्या दोन प्रती घातल्या. पहिल्या फेरीत भाऊंना समोर सर्व दिसत होते. पाच वेळा ऐकवले, पाचही वेळा त्यांनी सुधारित प्लेअर पसंत केला. “बघ, केवढा मोकळा आवाज!” खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

मग पुतण्याच्या एका अभियंता मित्राने मल्टिमीटर लावून पाहिले. सुधारित प्लेअरचा आवाज किंचित मोठा होता. हा किंचित मोठेपणा कानाला ‘मोठा’ असा न वाटता ‘चांगला’ असा वाटतो. ध्वनिक्षेत्रातील माणसांना हे चांगले ठाऊक असते. त्याने दोन्ही सारखे केले, प्लेअरवर चादर टाकली, आणि नाणे उडवून कोणता लावायचा ते ठरवीत गेला. भाऊंनी बारा वेळा ऐकले. सात वेळा बरोबर ओळखले.

बारापैकी सात हा आकडा निम्म्याहून अधिक दिसतो, म्हणून येथेच पुष्कळजण फसतात. केवळ अंदाजाने उत्तरे देणाऱ्या माणसालाही सात किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे ३९ आहे. बारापैकी दहा आले असते, तर मी पैसे काढून देण्यास सांगितले असते. कारण ते योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात दोनही नाही.

भाऊंच्या कानांना दोष देण्याचे कारण नाही. अमेरिकेत बॉस्टन येथे मायर आणि मोरन या दोघांनी असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाचा एक मार्ग सरळ ठेवला आणि दुसरा सीडीच्या १६ बिटांच्या मर्यादेतून काढला. कोणता कोणता, हे ऐकणाऱ्यांनी ओळखायचे होते. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नाणेफेक. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात २००७ मध्ये हे प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रश्न सीडीच्या मर्यादेचा होता, आमचा प्लेअरच्या भागांचा. परंतु धडा एकच. डोळे उघडे असताना कान जे सांगतात, त्यात डोळ्यांचाही वाटा असतो.

आपले अनेकांतदर्शन एकच बाजू पाहू देत नाही, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. सुधारणेचा खर्च सार्थ ठरतो, अशी उदाहरणे आहेत. यंत्राला मुळातच ऐकू येणारी घरघर असेल, शेवटची चिप खरोखर हलकी असेल, तर बदल जाणवतो. अशा वेळीही माझा सल्ला असा की, यंत्र आतून बदलण्याऐवजी, मागे डिजिटल आउटपुट असल्यास, अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा वेगळा डबा बाहेरून जोडावा. तो नाही आवडला तर परत करता येतो, पुढे दुसऱ्या यंत्रालाही चालतो. आत डाग देऊन बसवलेला भाग ना परत घेतला जातो, ना विकताना त्याची किंमत मिळते. आतच काम करायचे ठरले, तर काढलेले मूळ भाग मागून घ्यावेत. प्रथम दुरुस्ती, काही आठवडे ऐकणे, आणि मगच सुधारणेचा विचार, हा क्रम मोडू नये. आणि एखाद्याला ही जोडाजोडच आनंद देत असेल, तर त्याने ती खुशाल करावी. मात्र खतावणीत तो खर्च ‘छंद’ या नावावर लिहावा, ‘सुधारणा’ या नावावर नव्हे. छंदाला किती द्यायचे, हे परिग्रह-परिमाणाचे व्रत घेणाऱ्यांस ठरवता येतेच.

तत्त्वार्थसूत्र वस्तूला नव्हे, वस्तूवरील आसक्तीला परिग्रह म्हणते, हे मला त्या संध्याकाळी आठवले. पण मी ते बोललो नाही. एखाद्या माणसाला आपल्या दिवंगत पत्नीचे पाच शब्द ऐकावेसे वाटतात, त्याला शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. चादर काढल्यावर भाऊ काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे त्यात ते नाहीच.” मी म्हटले, “तबकडीवर जे उतरलेच नाही, ते कोणत्याही प्लेअरमधून निघणार नाही, भाऊ.” सुधारित प्लेअर दुसऱ्या दिवशी परत गेला.

चार तबकड्यांपैकी एक सोलापूरला दिलेल्या पुतणीकडे कुरिअरने पाठवली होती. १९९४ मध्ये ती अकरा वर्षांची होती आणि टेपरेकॉर्डरचे बटण तिच्याच हाती होते. आठवड्याने तिचा फोन आला. भाऊंनी स्वतःहून विचारले नव्हते, तिनेच बोलता बोलता सांगितले, “बाबा, शेवटी आई मला काय म्हणते ते ऐकलेत ना? ‘बंद कर गं आता, सेल संपतील.’”

भाऊ आधी हसले. व्यापाऱ्याच्या घरची लक्ष्मी, पर्युषणातल्या स्तवनानंतरही तिला सेलची काळजी! मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

आता ते रोज म्हणतात की, शेवटचे शब्द अगदी स्पष्ट ऐकू येतात. मीही परवा बसून ऐकले आणि मलाही ते स्पष्ट ऐकू आले. प्लेअर तोच, तबकडीवरचे अंक तेच. शब्द आधी कळले, म्हणून कान ते शोधून काढतात. ४२,००० रुपये दिले असते, तर ‘पडदा दूर झाला’ असे कानांनी अशाच रीतीने सांगितले असते, यात मला शंका नाही. मात्र सेलचे शब्द तरीही कळले नसते.

वाचकांच्या घरीही लग्नाच्या, दीक्षेच्या, आजी-आजोबांच्या आवाजाच्या कॅसेट आणि तबकड्या कपाटात असतील. यंत्रावर खर्च करण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्या. मूळ कॅसेट असेल तर ती टाकू नका. चांगल्या डेकवर पुन्हा उतरवली, तर सीडीपेक्षा अधिक हाती लागण्याची शक्यता असते. आम्हीही वहिनींची मूळ कॅसेट माळ्यावर शोधत आहोत. आणि त्या वेळी जे तेथे हजर होते, त्यांना एकेक प्रत पाठवा. त्यांना विचारण्याचे दिवसही मोजकेच असतात.

जय जिनेंद्र.